मधला परिच्छेद

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. सुरुवातीला तिने नाक मुरडून पाहिलं, मग वर्षं गेली आणि केसांना कलप लावण्याचा कंटाळा आला तसा नाक मुरडण्याचाही आला. नावात खोटं तरी काय होतं? शेकडो पानांचा मजकूर तिच्याकडे यायचा आणि त्यातून खडे वेचून काढायचे, हेच तिचं काम. हाताने वेचायला बसलं तर जन्म जाईल, म्हणून मशीनला खड्याचं वर्णन लिहून द्यायचं: असा असा दिसतो, अमक्याच्या आधी येतो, तमक्याच्या नंतर येत नाही. या वर्णनाला पुस्तकात रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. ऑफिसात त्याला पॅटर्न म्हणत, आणि तो बिघडला की तिच्या नावाने बोटं मोडत.

ऑफिस म्हणजे लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या. सरकारी खात्यांचे अहवाल छपाईला तयार करून द्यायचा ठेका त्यांच्याकडे होता. एका खोलीत टाइप करणाऱ्या मुली, दुसरीत ती आणि काचेच्या पलीकडे साहेब. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला वाईट व्हायलाही सवड नव्हती. खात्याचा फोन आला की तो खुर्चीतून अर्धा उठून बोलायचा आणि फोन ठेवला की तेच अर्धं उठणं तिच्या टेबलापर्यंत आणायचा.

"चाळणीबाई, पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम कधीच पाच मिनिटांचं नसतं, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. तिने नुसता हात पुढे केला.

काम होतं रंगाच्या कारखान्यातल्या बॉयलरच्या स्फोटाच्या चौकशी अहवालाचं. त्या स्फोटात कारखान्याचा फिटर जागीच गेला होता. चौकशी आयोग बसला, साक्षी झाल्या, जाडजूड अहवाल तयार झाला. आता शेवटच्या घटकेला खात्याला वाटलं होतं की अहवालात 'हलगर्जीपणा' हा शब्द फार वेळा येतो. तो जरा बोचतो. त्याऐवजी सगळीकडे 'अपुरेपणा' घालावा.

"सगळीकडे?" तिने विचारलं.

"निवेदनात सगळीकडे. साक्षीदारांच्या तोंडचं जे अवतरणचिन्हांत आहे, त्याला मात्र हात लावायचा नाही. ते शपथेवरचं बोलणं आहे. त्यात कानामात्रेचाही फरक पडला तर माझी मान जाईल."

हलगर्जीपणा आणि अपुरेपणा यांत काय फरक आहे, हे तिला चांगलं कळत होतं. हलगर्जीपणा माणूस करतो. अपुरेपणा कोणी करत नाही, तो आपला आपण असतो. पण शब्द कोणाचा आणि कशासाठी बदलतोय हे विचारणं तिने फार मागे सोडून दिलं होतं. विचारलं तर उत्तर मिळायचं नाही आणि मिळालंच तर झोप उडायची. तिने पॅटर्न लिहायला घेतला.

तशी युक्ती सोपी होती. मशीनला सांगायचं: एक अवतरणचिन्ह दिसलं की तिथून पुढचं चिन्ह येईपर्यंतचा सगळा मजकूर कुलपात ठेव, त्यातल्या शब्दांकडे बघूही नकोस. कुलपाच्या बाहेर जो 'हलगर्जीपणा' सापडेल तेवढाच बदल. पहिलं चिन्ह आणि दुसरं ही एक जोडी, तिसरं आणि चौथं ही दुसरी. मुली कीबोर्डावरचं साधं सरळ चिन्ह वापरत. उघडायलाही तेच आणि मिटायलाही तेच. मशीनला जोड्या लावता आल्या की झालं.

तिने पॅटर्न चालवला, अहवाल मधून मधून उघडून पडताळला. निवेदनात शब्द बदलले होते, साक्षीत जसेच्या तसे होते. या साक्षीदाराचं बघितलं, त्याचं बघितलं. फक्त बॉयलर चालवणाऱ्याची साक्ष तिने उघडली नाही. तिचा हात तिथपर्यंत गेला आणि परत आला, कारण बॉयलर चालवणारा म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

हे तिने साहेबाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम दुसरीकडे गेलं असतं, आणि कामं दुसरीकडे जाणं त्या दिवसांत परवडणारं नव्हतं. शिवाय ती साक्ष वाचायची तिला भीती वाटत होती. घरात रोज जो माणूस समोर बसून दोन्ही तळव्यांमध्ये कप धरून चहा पितो, त्याचं ते सगळं पांढऱ्यावर काळं वाचायचं आणि मग संध्याकाळी त्याच्याच समोर पोळी तोडायची, हे तिच्याने होईना. बाकीच्या साक्षी बरोबर आहेत म्हणजे तीही असणार, असं म्हणून तिने फाइल पुढे पाठवली. दमलेल्या माणसाला 'असणार' हा शब्द फार उपयोगी पडतो.

घरी ती, धाकटी आणि भावोजी अशी तिघं. तिचं स्वतःचं लग्न जमता जमता राहून गेलेलं, आणि आता ते जमलं नाही याचं वाईट वाटायचंही राहून गेलेलं. स्फोटात भावोजींचे हात भाजले ते बोटं नीट मिटेनात, काम सुटलं. तेव्हापासून दोघं तिच्याकडे राहत होती. धाकटी घर बघायची, चिडचिड करायची आणि चिडून झालं की डोळे पुसायची. भावोजी मात्र चिडत नसत, आणि सगळ्यांना त्याचाच त्रास व्हायचा.

गावगप्पांना काय, कोणीतरी एक धरून आपटायला लागतोच. बॉयलरवर हाच होता, मग व्हॉल्व्ह यानेच बंद ठेवला असणार, असं लोक बोलत. फिटर यानेच आत पाठवला आणि स्वतः वाचला, असंही. फिटर त्यांचा जिवाभावाचा सोबती. त्याची बायको चार गल्ल्या सोडून राहायची, घरीच शिवणकाम करायची, पदरात तान्ही मुलगी. तिच्या दारावरून जाताना भावोजी मान खाली घालत, आणि नंतर नंतर तर मागच्या रस्त्याने वळसा घालून जात.

धाकटी म्हणायची, "अहो, एकदा जाऊन बोला तिच्याशी. खाऊन टाकणार आहे का ती तुम्हाला?"

"काय बोलू? मी नाही केलं म्हणून? असं तर चोरही म्हणतो." ते खिडकीबाहेर बघत. "माझी साक्ष छापून येऊ दे. शपथेवर बोललोय मी. ते पान घेऊन जातो तिच्याकडे. बाई, हे वाच, मग मला आत घे की हाकलून दे."

या एका पानावर त्यांनी वर्ष काढलं होतं. चाळणीबाईने ते रोज ऐकलं होतं. अहवाल आपल्याच टेबलावरून जातोय हेही तिने त्यांना सांगितलं होतं, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले होते. म्हणाले होते, "मग काळजी नाही. घरच्याच माणसाच्या हाती आहे."

अहवाल जाहीर झाला. साक्षीदारांना एकेक प्रत मिळाली. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भावोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, समोर अहवाल उघडा. पान उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवलेली. धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि भांडी गरजेपेक्षा जास्त वाजवत होती.

"आलं?" तिने पर्स खुर्चीला अडकवत विचारलं.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. "ताई, एक विचारू? माणूस स्वतः काय बोलला ते विसरतो का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे चारचौघांत उभा राहून, शपथ घेऊन बोलला आणि तरी विसरला, असं होतं का? डोक्यात धूर गेला होता तेव्हा माझ्या. डॉक्टर म्हणाले होते, काही काही आठवणार नाही."

त्यांनी बरणी तळव्याने सरकवली. तिने पान स्वतःकडे ओढलं. त्यांची साक्ष तीन परिच्छेदांची होती; साऱ्या अहवालात एवढं लांब बोललेला हा एकच माणूस. पहिल्या परिच्छेदात पाळी, वेळ, बॉयलरचा दाब. तिसऱ्यात स्फोट झाल्यावर ते फिटरला ओढत बाहेर कसे आणत होते ते. ते तिने भरभर नजरेखालून घातलं. मग मधला परिच्छेद.

"व्हॉल्व्ह अडकतोय हे मी वर दोनदा सांगितलं. एकदा एकटा गेलो, एकदा फिटरला घेऊन गेलो. फिटर म्हणाला, नवा व्हॉल्व्ह आल्याशिवाय बॉयलर पेटवू नका. वरून सांगितलं, ऑर्डर जाऊ दे मग बघू. हा अपुरेपणा आहे. माझा नाही, फिटरचा नाही, वरच्यांचा अपुरेपणा आहे. आणि अपुरेपणा हा शब्द मी विचार करून वापरतोय."

 तिने खुर्ची ओढली, बसली आणि तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"अपुरेपणा," भावोजी म्हणाले. "हा शब्द मी उभ्या जन्मात वापरल्याचं मला आठवत नाही. मी दुसरं काहीतरी म्हणालो होतो. पण इथे तर लिहिलंय, विचार करून वापरतोय. मग म्हणालोच असेन. छापलंय ना."

"लोक काय म्हणतायत ते सांगा ना ताईला," धाकटी वळून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "दुपारी यांच्यासोबतचे दोघं येऊन गेले. म्हणे, गडी पलटला. साहेबलोकांनी खिसा गरम केला असेल. साहेबांकडे सामान अपुरं होतं, बिचारे काय करणार, अशी साक्ष दिली म्हणे यांनी. सांगा ना!"

"तिला वाटेल ते वाटू दे," भावोजी शांतपणे म्हणाले. तिला म्हणजे कोणाला, हे त्या घरात विचारावं लागत नव्हतं. "आता नाही जायचं मी तिच्याकडे. हे पान घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ?"

आणि चाळणीबाईला तर एका क्षणात सगळं कळलं होतं. तिला ते कळलं याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. कळलं नसतं तर निदान नशिबाला बोल लावता आला असता.

"भावोजी, तुम्ही विसरला नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही हलगर्जीपणा म्हणालात. तो मी बदलला."

भांडी वाजायची थांबली.

तिने ड्रॉवर उघडला, चार चमचे काढले आणि टेबलावर उभ्या रांगेत मांडले. शब्दांनी सांगायची तिच्यात ताकद नव्हती. "हे बघा. छापखान्याचा एक रिवाज आहे. एखादा माणूस लांब बोलला, दोन-तीन परिच्छेद बोलला, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला अवतरणचिन्ह उघडायचं, पण मिटवायचं फक्त शेवटी. एकदाच. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, अजून तोच बोलतोय. तुमचे तीन परिच्छेद. हे तीन चमचे उघडणारे, हा चौथा मिटणारा."

"बरं."

"मशीनला रिवाज माहीत नाही. मी त्याला जोड्या लावायला सांगितलं. त्याने पहिला आणि दुसरा चमचा जोडला. यांच्यामधला तुमचा पहिला परिच्छेद कुलपात गेला, शाबूत राहिला. तिसरा आणि चौथा जोडला. शेवटचा परिच्छेदही शाबूत. आणि हा मधला," तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या चमच्याच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं, "हा बाहेर राहिला. त्याला वाटलं, हे तुमचं बोलणं नाही, आयोगाचं आहे. आणि आयोगाच्या बोलण्यात तो शब्द बदलायचाच हुकूम होता."

भावोजी चमच्यांकडे बघत राहिले. "म्हणजे मशीनची चूक."

"मशीनची कुठली! त्याने सांगितलं तेवढं केलं. आणि तो रिवाज त्या टाइप करणाऱ्या मुलींना शिकवला कोणी? मीच. आल्या तेव्हा त्या प्रत्येक परिच्छेद मिटवायच्या. मी चार वेळा परत करायला लावलं, चिन्हावरून रडवलं एकीला. आणि पॅटर्न लिहिताना माझाच रिवाज मीच विसरले." तिच्या हाताने एक चमचा रांगेतून सरकला. "तुमचं पान मी उघडूनही बघितलं नाही भावोजी. बघितलं असतं तर दिसलं असतं. मला ते वाचायची हिंमत झाली नाही."

आता ते चिडतील असं तिला वाटलं. चिडावेत अशी इच्छाही झाली. पण ते मिटत नसलेल्या बोटांनी एक चमचा सरळ करत बसले, आणि मग म्हणाले, "म्हणजे मी वेडा झालो नाही."

"नाही."

"मग दुरुस्त होईल ना?"

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दुसऱ्या दिवशी साहेबाने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. भावोजींचं नातं ऐकल्यावर तर तो पुसायचाही थांबला.

"चाळणीबाई, हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?"

"दुरुस्तीसाठी. एका पानाचं शुद्धिपत्र काढलं की झालं. पाच मिनिटांचं काम आहे."

टोमणा साहेबाला लागला की नाही कळलं नाही. त्याने दार लोटून घेतलं. "शुद्धिपत्रात काय लिहायचं? अपुरेपणाऐवजी हलगर्जीपणा वाचावे? पहिला प्रश्न काय येईल? हा शब्द बदलला कसा? छापताना अक्षर उडतं, मात्रा उडते. अख्खा शब्द उडून त्याच्या जागी दुसरा येऊन बसत नाही. मग कोणीतरी मूळ प्रत मागेल. मूळ प्रतीत तो शब्द पानोपानी आहे. खात्याने तो पुसायला सांगितला हे बाहेर येईल. मग खातं काय करेल? हात वर करेल. म्हणेल, आम्ही कुठे सांगितलं, ठेकेदाराने परस्पर केलं. आहे तुमच्याकडे लेखी काही?"

लेखी काहीच नव्हतं. फोन होता आणि अर्धं उठणं होतं.

"ठेका जाईल," साहेब म्हणाला. "त्या आठ मुली घरी बसतील. तुम्ही तर आधी. नातं लपवलंत तुम्ही." तो दमून खुर्चीत बसला. तिला पहिल्यांदाच दिसलं की हाही माणूस तिच्याइतकाच थकलेला आहे. "कोण वाचतं हो असले अहवाल? कपाटात जातात. तुमच्या भावोजींना घरात समजावून सांगा. मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. विचार करा."

दिवसभर तिने दुसऱ्या एका खात्याच्या तारखा सारख्या करत काढला. टाइपच्या खोलीतून मुलींचं हसणं ऐकू येत होतं. आठ जणी. साहेब खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. तो लबाड असता तर भांडता आलं असतं. तिला भांडायचंही नव्हतं. तिला फक्त कुठेतरी पाय पसरून निजायचं होतं आणि कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं की झालं, मिटलं, तू नको बघूस.

संध्याकाळी भावोजी जिन्यात उभे होते. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलंच नाही. "राहू दे ताई," एवढंच म्हणाले. "तुमच्या पगारावर घर चाललंय. मी समजून गेलो. मला कळलं ना मी काय बोललो ते, पुष्कळ झालं."

पुष्कळ झालं म्हणताना ते वर बघत होते. जिन्यावरचा दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि तिला ते एकाएकी म्हातारे दिसले. तिला स्वतःचा संताप आला, आणि थकव्याच्या तळाशी तो अजून शिल्लक होता याचं नवल वाटलं.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिच्याकडे. तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."

"अहो ताई, पान..."

"पान गेलं खड्ड्यात. चला म्हणते ना."

चार गल्ल्या ते दोघं चालत गेले. मागच्या रस्त्याला वळायची जागा आली तेव्हा भावोजींचे पाय अडखळले. तिने त्यांचा दंड धरला आणि सरळ नेलं. फिटरच्या बायकोचं दार उघडंच होतं. खोलीत शिवणयंत्र, कापडाचे तुकडे, दोरीवर कोणाचा तरी अर्धा शिवलेला कुडता. कोपऱ्यात मुलगी पालथी पडून रिकाम्या रिळांशी खेळत होती. बाईने यंत्र थांबवलं. मग भावोजींकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"या," ती म्हणाली, पण आत या असं नव्हे, नुसतंच. "वाचलं मी. फिटरची बायको म्हणून मलाही प्रत आलीय."

"त्याबद्दलच आलोय," चाळणीबाई म्हणाली. "मी यांची मेहुणी. ते छापलंय ना, ते हे बोललेलेच नाहीत. हे..."

"मला माहीत आहे हे काय बोलले ते." बाईने तिला तोडलं. "मी सुनावणीला होते. मागच्या बाकावर, हिला मांडीवर घेऊन. हे म्हणाले, हलगर्जीपणा आहे, माझा नाही, फिटरचा नाही, वरच्यांचा आहे. असं मोठ्याने म्हणाले की हिला दचकून जाग आली." ती भावोजींकडे वळली. "मला वाटलं, त्याच संध्याकाळी तुम्ही याल. नाही आलात. दुसऱ्या दिवशी येतील म्हटलं. वर्ष झालं. माझ्या दारावरून तोंड चुकवून जायचात, मला दिसत नव्हतं होय? मला वाटायचं, खरं बोलून हा माणूस घाबरलाय. आणि काल ते वाचलं, तेव्हा म्हटलं, झालं, पलटला."

भावोजी खाली बघत म्हणाले, "मला वाटलं... छापून आलं की येईन. नुसतं तोंडी कोण विश्वास ठेवतो?"

"मी ठेवला होता," ती म्हणाली.

ते दाराच्या चौकटीला टेकले. चाळणीबाईने त्यांना वर्षभरात रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून आधी तिला कळलंच नाही की त्यांचे खांदे का हलतायत. ती घाईघाईने बोलत सुटली. चमचे नव्हते, तरी सांगितलं: ते पलटले नाहीत, शब्द मी बदलला, मुद्दाम नाही पण मीच, आणि बघायचं ते पानही मी बघितलं नाही. बाईने हाताची घडी घालून सगळं ऐकलं. मशीन, चिन्हं, जोड्या यांतलं तिला किती कळलं कोण जाणे. 'मीच' मात्र कळलं.

"मग आता नीट करणार का ते?"

चाळणीबाईने तोंड उघडलं. साहेबाने सांगितलेलं सगळं तिच्या जिभेवर तयार होतं: मूळ प्रत, ठेका, आठ मुली. "अवघड आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर प्रत्यक्ष ऐकलंय. तुम्हाला ठाऊक आहे खरं काय ते."

"मला आहे," बाई म्हणाली. तिने वाकून मुलीला उचललं. मुलीच्या मुठीत रीळ तसंच होतं. "हिला नाही. हिला त्या दिवसातली फक्त दचकून आलेली जाग मिळाली, तीही आठवायची नाही. मी किती दिवस पुरणार? उद्या कोणी हिला म्हणालं, तुझ्या बापाच्या चुकीने बॉयलर फुटला, तर ही काय करेल? ते पुस्तक काढेल. मला ऐकायला मिळालं बाई. हिला वाचायलाच मिळणार आहे."

 चाळणीबाई तशीच उभी राहिली, पाय भरून आलेले, डोकं जड, आणि तिला फार स्पष्ट दिसलं की आपण घरी जाऊ, जेवू, अंथरुणाला पाठ लावू आणि सकाळी उठू तेव्हा साहेबाचं म्हणणं आपल्याला बरोबर वाटायला लागलेलं असेल. थकवा फार समजूतदार असतो. तो नेहमी बरोबर कारणं सांगतो.

"तुम्ही आत या हो," बाई भावोजींना म्हणाली. "दारात काय उभे राहिलात. हिला घ्या जरा, मी पाणी आणते."

"हातात धरता येत नाही मला नीट," ते म्हणाले.

"मग मांडीवर घ्या."

ते आत गेले. चाळणीबाईने दाराबाहेरच पर्समधून फोन काढला आणि साहेबाचा नंबर लावला. तो जेवत असावा; मागे ताटवाट्यांचा आवाज होता.

"साहेब, मी बोलतेय. उद्या शुद्धिपत्राचा अर्ज देते. माझ्या सहीने. मूळ प्रत जोडून."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बाई, मी तुम्हाला विचार करायला सांगितलं होतं."

"केला," ती म्हणाली. "आता अजून केला तर अर्ज द्यायचा राहील."